'नकाराधिकार वापरला' म्हणजे 'फेटाळलं' का?

प्रश्न : अमेरिकेच्या इतिहासावरचा एक उतारा मराठीत आणतेय. 'अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी १८६६ चं नागरी हक्क विधेयक नकाराधिकार वापरून फेटाळलं' असं लिहिलं. पण दोनच ओळींनंतर त्याचा कायदा होतो! 'व्हेटो'ला दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद : नकाराधिकार ठीक आहे, 'फेटाळलं' काढा. 'नकाराधिकार' हा शब्द आपल्या कानात बसलाय तो सुरक्षा परिषदेच्या बातम्यांमुळे. तिथे एका कायम सदस्याने तो वापरला की ठराव बारगळतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत विधेयकाचा कायदा कसा होतो ते सांगणाऱ्या कलमात 'व्हेटो' हा शब्दच नाही. अध्यक्षाने सही करावी, नाहीतर आक्षेप नोंदवून विधेयक मूळ सभागृहाकडे परत पाठवावं, असं तिथे आहे. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं की सहीवाचून कायदा होतो. जॉन्सन यांनी २७ मार्चला विधेयक परत पाठवलं. सिनेटने ६ एप्रिलला ३३ विरुद्ध १५, प्रतिनिधीगृहाने ९ एप्रिलला १२२ विरुद्ध ४१ मतांनी ते मंजूर केलं.

आणि आक्षेप काय होता तेही उताऱ्यात येऊ द्या, नाहीतर सगळं नुसतं कामकाज वाटेल. गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने संपली होती. पण मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्यांना शहराबाहेरची शेतजमीन खंडाने घ्यायलाही बंदी केली. जन्मभर शेतातच राबलेल्या माणसांना! या विधेयकात करार करणं, कोर्टात साक्ष देणं, जमीन घेणं हे हक्क 'गोऱ्या नागरिकांना आहेत तसेच' द्यायचे होते. जॉन्सन यांचं म्हणणं, हा कायदा काळ्यांच्या बाजूचा आणि गोऱ्यांच्या विरोधातला आहे. 'तसेच' या शब्दात कुणाचं काय हिरावलं जातं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आणखी एक : 'नागरी हक्क'लाही एक टीप द्या. आज आपण त्यात मतदान गृहीत धरतो. १८६६ च्या कायद्याने मताचा हक्क दिला नव्हता, तो तेव्हा 'राजकीय' हक्कांत मोजत.

प्रश्नकर्ती : टीप देते. वाक्य असं केलं : 'जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरून विधेयक आक्षेपांसह परत पाठवलं, काँग्रेसने दोनतृतीयांश मतांनी तो नकाराधिकार मोडून काढला.'