मदत हवी आहे: एडीसीच्या सीएस पिनला पुल-अप लावावा का? किती ओहमचा?

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या डाळिंबाच्या बागेत मातीतला ओलावा नोंदवायला एक छोटं यंत्र जुळवलंय. ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (छोटा अर्डुइनो बोर्ड), आठ सेन्सर वाचायला एमसीपी३२०८ ही एडीसी (सेन्सरचे व्होल्ट आकड्यांत बदलणारी चिप) आणि नोंदींसाठी एसडी कार्ड. एडीसी आणि कार्ड एकाच एसपीआयवर (चिपांशी बोलायच्या सामाईक तारांवर) आहेत: पिन ११, १२, १३ सामाईक, कार्डाची सीएस (चिप निवडायची पिन, ती खाली गेली की चिप ऐकते) १० वर, एडीसीची ९ वर.

घरी टेबलावर छान चालतं. बागेत बॅटरी काढून परत लावली की कधी कार्ड उठतं, कधी नाही. कार्ड बदललं, वायरी आखूड केल्या, सगळे डाग परत दिले, फरक शून्य. दोन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. त्यात ठिबक चालू असतानाचे चार दिवस होते आणि मला नेमके तेच हवे होते.

काल रात्री रिसेटचं बटण दाबून धरलं आणि ९ नंबरच्या पिनला मल्टिमीटर लावला. ०.३ व्होल्ट. वायरीजवळ बोट नेलं की आकडा हलतो. म्हणजे त्या वेळी पिन कुणाच्याच ताब्यात नाही, आणि एडीसीला वाटतं आपल्यालाच बोलावलंय. बरोबर समजतोय का मी?

कोडमध्ये एसडी सुरू करण्याच्या ओळीनंतर मी ९ ला आउटपुट करतो. ती ओळ वर नेली तर पुरेल, की पुल-अप (पिन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) लागेलच? माझ्याकडे १० के आणि १०० के (किलोओहम) आहेत. बॅटरीचा विचार करून १०० केकडे कल आहे. शिवाय वाचन नसताना मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) एडीसीची वीज तोडायचाही बेत आहे. पुल-अपमुळे रीडिंग बिघडणार नाही ना?

प्रतिसाद १

निदान बरोबर आहे. फक्त ०.३ या आकड्यावर विसंबू नका, बहुतेक मीटर स्वतःच १० मेगाओहमने पिन खाली ओढतात. आकडा बोटाने हलला, हाच खरा पुरावा.

ओळ आधी वर न्याच. आधी डिजिटलराइट हाय, मग पिनमोड आउटपुट, या क्रमाने केलं तर पिन मधे क्षणभरही खाली जात नाही. पण रिसेटमध्ये आणि बूटलोडर (कोडच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) चालू असताना तुमचा कोड चालतच नसतो. तेव्हा प्रो मिनीवरच्या एटीमेगा चिपच्या पिना मोकळ्या असतात, आतले पुल-अपही बंद. त्यामुळे बाहेरचा रेझिस्टर हवाच, आणि दोन्ही सीएसवर. कार्डालाही सुरुवातीला सीएस वर असताना क्लॉकचे किमान ७४ ठोके मिळावे लागतात.

१०० के नको. एडीसीच्या डेटाशीटप्रमाणे इनपुटची गळती १० मायक्रोअँपिअरपर्यंत असू शकते. १०० केवर तेवढ्याने १ व्होल्ट पडतो, उरतात २.३. आणि पिन हाय (वर) मानायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे २.३१ लागतात. अगदी काठावर. १० केवर फक्त ०.१ व्होल्ट पडतो. त्याचा ०.३३ मिलिअँपिअरचा खर्च सीएस खाली असेल तेवढाच वेळ, म्हणजे वाचनापुरता. रीडिंगला त्याने धक्का लागत नाही.

प्रतिसाद २

मॉसफेटचा बेत एडीसीसाठी सोडा. सीएस वर असली की ही चिप स्टँडबायमध्ये साधारण अर्धा मायक्रोअँपिअरच घेते. उलट तिची वीज तोडून सीएस वर राहिली, तर पुल-अपमधून आणि पिनेतून करंट आतल्या डायोडवाटे चिपमध्ये शिरतो आणि ती अर्धवट जागी राहते. मॉसफेट सेन्सरांवर वापरा, बॅटरी तेच खातात.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही सीएसवर १० के लावले, ओळ वर नेली. बटण दाबून धरल्यावर आता ९ वर ३.२९ दिसतात, बोट लावलं तरी हलत नाहीत. बॅटरी वीस वेळा काढून लावली, विसाही वेळा कार्ड उठलं. उद्या सकाळी ठिबक सुरू व्हायच्या आत बागेत बसवतो.