किम मिन-जेची मिलिटरी सर्व्हिस

कोणीतरी म्हटलंय की दक्षिण कोरियाचा फुटबॉल डिफेंडर (बचावपटू) किम मिन-जेचं नशीब चांगलं, कूलिबाली हा डिफेंडर इंग्लंडच्या चेल्सीला गेला म्हणून इटलीच्या नापोली क्लबात जागा झाली. जागा झाली हे खरं, पण ती भरायला तो तिथवर टिकला कसा हे कोणीच लिहिलं नाहीये. कोरियात धडधाकट मुलांना दीड-दोन वर्षं मिलिटरी सर्व्हिस सक्तीची असते, आणि ती बहुतेक तिशीच्या आत, म्हणजे डिफेंडर नेमका पिकायला लागतो तेव्हाच. खेळाडूंना सूट मिळते ती ऑलिंपिकचं कुठलंही मेडल किंवा एशियन गेम्सचं गोल्ड असेल तरच. २०१८ च्या एशियन गेम्सची फायनल, समोर जपान, किमची कोरियन टीम एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ ने जिंकली, गोल्डमुळे सूट मिळाली आणि त्या एका मॅचवर पुढचे बीजिंग, फेनरबाचे, नापोली हे सगळे क्लब उभे राहिलेत. सूट म्हणजे पूर्ण सुटका नाही बरं का, बेसिक ट्रेनिंग करावंच लागतं. २०२३ मध्ये ३३ वर्षांनी नापोलीला लीग जिंकून देऊन, सेरी आचा (इटलीच्या टॉप लीगचा) बेस्ट डिफेंडर ठरून हा माणूस जूनमध्ये ३ आठवडे कॅम्पात गेला आणि बाहेर आल्यावर मग जर्मनीच्या बायर्न क्लबची सही.

आणि नशीब म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०२२ ची मिलानविरुद्धची मॅच बघाच. मिलानचं सान सिरो स्टेडियम, नापोलीची २-१ लीड, शेवटची मिनिटं, अगदी गोलसमोर मिलानच्या ब्राहिम दियाझचा प्रयत्न यानं पाय लांब करून अडवला आणि नंतर स्वतः गोल मारल्यासारखा ओरडत सुटला. मला तर तो क्षण त्या सीझनमधल्या कुठल्याही गोलपेक्षा जास्त आवडतो.