शब्दचर्चा : 'जर्नीमन' बॉक्सरला मराठीत काय म्हणायचं?

गंगाघाट : नाशिकच्या एका व्यायामशाळेत भिंतीवर लावायला परदेशी बॉक्सरांवर मजकूर तयार होतोय. त्यात 'जर्नीमन' हा शब्द अडलाय. कच्च्या मसुद्यात कुणीतरी 'प्रवासी मुष्टियोद्धा' लिहून ठेवलंय. ते वाचलं की सीबीएसला, म्हणजे बसस्थानकावर, पिशवी घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. लढती बहुतेक हरलेल्या, पण हातात कसब आहे, अशा माणसासाठी शब्द हवाय. 'दुय्यम', 'पराभूत' असलं काही नको.

मजल-दरमजल : 'प्रवासी' चुकलंच आहे. या शब्दाच्या पोटात फ्रेंच 'झुर्ने' आहे, म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. आपला 'रोज' हुबेहूब तसा आहे. रोज म्हणजे दिवस आणि रोज म्हणजे त्या दिवसाची मजुरीही. 'पावसाने आजचा रोज बुडाला' म्हणतो ना, तसं. प्रवासाचा अर्थही त्याच मुळातून फुटला : एका दिवसात कापायचं अंतर. म्हणजे आपली 'मजल'.

युरोपातल्या जुन्या कारागिरीत तीन पायऱ्या असत. आधी शिकाऊ, मग जर्नीमन, मग उस्ताद. पहिल्या पायरीला आपण 'उमेदवारी' म्हणतो. जर्नीमन म्हणजे उमेदवारी संपलेला, हात बसलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर. जर्मनीत काही सुतार, गवंडी आजही उमेदवारीनंतर तीन वर्षं एक दिवस गावोगाव काम करत फिरतात आणि त्या काळात घराच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकत नाहीत. म्हणजे फिरणं आहेच, पण शब्दाचा कणा 'रोज'. माझं मत 'रोजंदार'ला.

चौथी फेरी : 'रोजंदार' मलाही पटतोय, पण कामाचा हिशोब एकदा बघून घ्या.

ब्रिटनमधल्या छोट्या हॉलच्या कार्यक्रमात नव्या, न हरलेल्या पोराला त्याच्याच गावात लढवतात. तिकिटं पोरगाच विकतो. मित्र, भाऊबंद, कामावरचे लोक घेतात. त्या पैशातून समोरच्याचं मानधन निघतं. तो समोरचा म्हणजे जर्नीमन. तो तिकिटं विकत नाही. संध्याकाळी येतो, पाहुण्याच्या कोपऱ्यात बसतो, लढतो आणि रात्री घरी परततो. लढत बहुधा चार फेऱ्यांची, फेरी तीन मिनिटांची. वेगळे पंच नसतात, रिंगमधला रेफ्रीच गुण देतो. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला साधारणपणे ९. चारही गेल्या तर ४०-३६. ३९-३७ दिसलं की समजायचं, पाहुण्याने एक फेरी काढली.

आता कसब कुठे ते. रेफ्रीने लढत थांबवली किंवा नॉकआउट झाला, तर तिथलं नियामक मंडळ किमान २८ दिवस लढू देत नाही. आठवड्याला एक लढत घेणाऱ्याला हा सरळ महिन्याचा खाडा. भुवई फाटली तरी तेच, टाके सुकेपर्यंत डॉक्टर सोडत नाही. म्हणून हरणं परवडतं, थांबवलं जाणं परवडत नाही. सगळी शैली या एका कारणातून आलेली आहे. हनुवटी छातीशी, उजवी मूठ गालाला, डावा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, अंतर राखण्यापुरता. पोरगा झेपावला की हा आत शिरून त्याचे दंड काखेत दाबतो. रेफ्री सोडवेपर्यंत दोन श्वास मिळतात. फार धरलं तर ताकीद आणि मग गुण कापले जातात, म्हणून एका फेरीत किती वेळा धरायचं याचाही अंदाज लागतो. दोरांशी अडकला तर खांदा पोराच्या छातीला टेकवून अर्धा फेर घेतो, आता पाठ दोरांना पोराची. कच्चा बॉक्सर इथेच चुकतो. तो सरळ मागे जातो, हनुवटी उचलली जाते, दोन्ही पाय एका रेषेत येतात आणि त्याच क्षणी हुक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, बसतो.

क्रिस्टियन लेट, न्यूनिटनचा. ३०० लढती : १२ विजय, २७९ पराभव, ९ बरोबरीत. २७९ पैकी मुदतीआधी हरला फक्त ५ वेळा. उरलेल्या २७४ पराभवांत तो शेवटच्या घंटेला उभाच होता. टोपणनाव 'मिस्टर रिलायबल', म्हणजे हमखास येणारा गडी.

खरड छाटणी : रोजंदार म्हणायला माझी हरकत आहे. रोजंदाराला दुपारी काम बंद पडलं तर अर्धी हजेरी लागते. हा बॉक्सर चार फेऱ्या उभा राहिला काय, दुसरीत आडवा झाला काय, बोली झालेलीच रक्कम घेतो. हे उक्तं झालं. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या दिंडोरी, निफाडच्या बागांत येतात, त्यांचा एकराचा भाव ठरतो. मग आठ माणसं लावा नाहीतर बारा, एका दिवसात उरका नाहीतर दीड. जर्नीमन असा उक्त्यावरचा आहे.

मजल-दरमजल : हिशोब तुमचा बरोबर, भाऊ. पण 'उक्ता बॉक्सर' कानाला कसं लागतंय बघा. शिवाय उक्त्या कामावर मालकाचा एक संशय कायम असतो, की उरकलं असणार. लेटच्या २७४ घंटा त्याच्या बरोबर उलट सांगतात.

सातपूर तिसरी पाळी : मग सरळ 'पाट्याटाकू' म्हणा ना. तीनशे लढती आणि बारा विजय!

चौथी फेरी : पाट्या टाकणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. याने क्षणभर लक्ष काढलं तर पुढचा महिना घरी बसावं लागेल. पीटर बकली घ्या, बर्मिंगहॅमचा. त्याच्याही ३०० लढती. ३२ विजय, २५६ पराभव, १२ बरोबरीत. नसीम हमीद जगज्जेता होण्याआधी याच्याशी दोनदा लढून गेला. बकलीची शेवटची लढत ३१ ऑक्टोबर २००८ ची, आणि ती त्याने जिंकली. जॉनी ग्रीव्हज १०० लढतींत ९६ हरला. २०१३ साली शंभरावी जिंकून थांबला.

गिरणीतला 'बदली' हा शब्दही जवळचा आहे. ठरलेला गडी आला नाही की फाटकावर थांबलेल्याला आत घ्यायचे. शनिवारच्या लढतीतून कुणी गुरुवारी माघार घेतली की फोन जर्नीमनला जातो, आणि समोरचा दोन-तीन किलोंनी भारी असला तरी तो 'येतो' म्हणतो. तेवढ्यापुरतं 'बदलीवर लढला' हे छान बसतं.

लाल माती : पण पोरगा जिंकणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मग ही नुरा कुस्तीच की!

चौथी फेरी : नाही. नुरा म्हणजे दोघांनी निकाल आधीच वाटून घेतलेला. इथे निकाल कुणी ठरवत नाही, जोड तेवढी विषम लावलेली असते. दंगलीत जोड लावणाऱ्याने भलताच पैलवान समोर दिला तर आपण जोड चुकली म्हणतो, कुस्ती नुरा म्हणत नाही. फार तर एवढं खरं, की पाहुण्याने एखाद्या लाडक्या पोराला आडवं केलं तर पुढे त्याला फोन कमी येतात. हे दडपण आहेच, आणि ते भिंतीवर लिहिलं तरी हरकत नाही.

गंगाघाट : इमॅन्युएल ऑगस्टस आणि ग्लेन जॉन्सनलाही हाच शब्द लावू का?

चौथी फेरी : तिथे हात आखडता घ्या. ऑगस्टसचे आकडे ३८-३४-६, म्हणजे ३८ विजय, ३४ पराभव, ६ बरोबरीत. पण तो जिंकायलाच रिंगमध्ये उतरायचा. २००० साली फ्लॉइड मेवेदरने त्याला नवव्या फेरीत हरवलं, आणि पुढे मेवेदरनेच त्याचं नाव सर्वांत अवघड प्रतिस्पर्ध्यांत घेतलं. २००१ ची मिकी वॉर्डशी झालेली त्याची लढत 'रिंग' मासिकाने वर्षातली सर्वोत्तम ठरवली. जमैकाचा जॉन्सन तर कारकिर्दीचा मोठा भाग दुसऱ्यांच्या गावांत लढला आणि अनेकदा तिथल्या गुणांवर हरला. त्यानेच २५ सप्टेंबर २००४ ला मेम्फिसमध्ये रॉय जोन्स ज्युनियरला नवव्या फेरीत नॉकआउट केलं. तेव्हा जॉन्सन स्वतः जगज्जेता होता. त्याला रोजंदार म्हणणं अन्याय होईल.

मजल-दरमजल : जॉन्सनला 'फिरस्ता' द्या. टोपणनावही 'रोड वॉरियर'च होतं. ऑगस्टसला मात्र यातलं काहीच चिकटवू नका, नाव आणि आकडे पुरेत.

लाल माती : 'गेटकीपर' म्हणतात तो वेगळा ना?

चौथी फेरी : वेगळा, आणि वरचा. त्याला हरवल्याशिवाय मोठ्या लढतीत सोडत नाहीत. 'नाकेदार' चालेल. आणि ज्याला खरोखरच काही येत नाही, नुसता आकडा वाढवायला उभा केलेला असतो, तो आपला 'कच्चा लिंबू'. या दोघांची रोजंदाराशी गल्लत होता कामा नये.

गंगाघाट : मग मजकूर असा करतो : 'क्रिस्टियन लेट, रोजंदार मुष्टियोद्धा. लढती ३००. पराभव २७९, त्यातले २७४ गुणांवर.'

मजल-दरमजल : 'रोजंदार मुष्टियोद्धा' म्हणजे लुगड्यावर कोट. 'रोजंदार बॉक्सर' ठेवा. आणि ऑगस्टसच्या ३८-३४-६ खाली विजय-पराभव-बरोबरी हा क्रम एकदा लिहा, नाहीतर शेवटचा सहाचा आकडा लोक नॉकआउटचा समजतील.

गंगाघाट : आणि बाई असेल तर?

मजल-दरमजल : 'रोजंदार'च. तो शब्द दोघांनाही चालतो.