मदत हवी आहे: ठाण्यात कॅसेट पेन ड्राइव्हवर कोण करून देईल?

वैतागलेला_ठाणेकर
नौपाडा झालं, पाचपाखाडी झालं, स्टेशनजवळचे फोटोवाले झाले. सगळीकडे एकच उत्तर, "ते काम आता बंद केलं." बाबांच्या जुन्या कॅसेट आहेत, त्यातले कॉमेडी कार्यक्रम पेन ड्राइव्हवर हवेत. महिनाअखेरीला त्यांची पंचाहत्तरी आहे. खात्रीचं ठिकाण माहीत असेल तरच लिहा, प्लीज.

मधुरा_ऐरोली
ऑडिओ की व्हिडिओ? किती आहेत? चालतात का?

सुरेल
अगदी सोपं आहे. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या माइकला जोडा, ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, इकडे प्ले तिकडे रेकॉर्ड. आजीची सगळी भजनं मी अशीच उतरवली. आवाज फाटला तर व्हॉल्यूम कमी करा.

वैतागलेला_ठाणेकर
व्हिडिओ हो! टीव्हीवरचे कार्यक्रम.

सुरेल
टीव्ही हा शब्द आत्ता आला. कथाकथनाच्या कॅसेटपण कॉमेडीच असतात.

कोपरीचे_काका
कशाला एवढा खटाटोप? सगळं यूट्यूबवर आहे. 'श्रीमान श्रीमती' आणि 'देख भाई देख' तर २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शननेच परत दाखवल्या. मोठा टीव्ही घ्या, बाबांना रिमोट द्या, विषय संपला.

वैतागलेला_ठाणेकर
यूट्यूब कोणीतरी सुचवणार हे माहीतच होतं. काका, बाबा रिमोट हातात घेऊन टीव्हीसमोर बसायचे आणि जाहिरात लागली की पॉज, टेप वाया जायला नको म्हणून. त्यामुळे 'श्रीमान श्रीमती'तला केशव कुलकर्णी शेजारच्या प्रेमा शालिनीकडे बघून लाळ गाळतोय आणि पुढच्याच क्षणी 'तू तू मैं मैं'मधल्या सासूबाई, असं सगळं जोडलेलं आहे. बाबांना तो क्रम पाठ आहे. काय संपून काय लागणार ते आधीच सांगायचे आणि आधीच हसायचे. ते यूट्यूबवर कुठून आणू?

नाट्यवेडी
अरे वा! आणि तुमच्या लक्षात आलं का, त्या दोन्हीकडे रीमा लागूच आहेत. इकडे केशवची बायको कोकी, तिकडे सासू, एकाच काळात. सुप्रिया सून आणि दिग्दर्शन सचिनचं. आत्ताच्या मालिकांमध्ये सासू नुसती भुवया उडवते, तीन वेळा, तीन कोनांतून.

कोपरीचे_काका
खरी कॉमेडी त्याच्या आधीची. 'ये जो है जिंदगी', १९८४. सतीश शाह दर भागात वेगळाच माणूस. आणि त्याही आधी 'चिमणराव', प्रभावळकर आणि बाळ कर्वे. ते आहे का तुमच्या कॅसेटवर?

नाट्यवेडी
काका, चिमणराव ब्लॅक अँड व्हाइटच्या काळातला. तेव्हा चाळीत एक टीव्ही असायचा, व्हीसीआर कुठला? आणि माझं मत विचाराल तर 'टिपरे'सारखं काहीच नाही. आबा घरातल्या प्रत्येकाला टोमणा मारतात, पण एकालाही लागत नाही.

कोपरीचे_काका
'टिपरे' २००१ चं. त्याला जुनं म्हणायचं असेल तर आम्ही उत्खननात सापडलो.

मधुरा_ऐरोली
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? व्हीसीआर आहे का तुमच्याकडे? कॅसेटच्या खिडकीतून टेपची गुंडाळी कशी दिसते?

वैतागलेला_ठाणेकर
व्हीसीआर माळ्यावर होता, काल काढला. लाइट लागतो, पण कॅसेट आत घेऊन लगेच बाहेर टाकतो. दोन कॅसेट काळ्याभोर आहेत, एकीच्या गुंडाळीवर पांढरट काहीतरी आहे. धूळ असावी.

सुरेल
उन्हात ठेवा. आमच्या पापडांना चालतं.

मधुरा_ऐरोली
उन्हात अजिबात नको! टेप वाकडी होईल. आणि ती धूळ नाही, बुरशी आहे. पावसाळ्यात दमट हवेत राहिलेल्या कॅसेटना हमखास धरते. ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका, बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, जाणकाराकडूनच साफ करून घ्या. मशीन कॅसेट बाहेर टाकतंय म्हणजे बहुतेक आतला रबरी बेल्ट सैल किंवा चिकट झालाय. अजून एक, कॅसेटच्या पाठच्या कडेला डाव्या कोपऱ्यात छोटी प्लास्टिकची टिकली असते. ती असेल तर आधी तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर केशव कुलकर्णी कायमचा गेला.

घोडबंदर_टेक
बेल्टबिल्ट सोडा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुना व्हीसीआर शोधा, व्हीसीआर लॅपटॉपला जोडणारं एक यूएसबी कॅप्चर घ्या, ओबीएस या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करा. सेकंदाला ३० फ्रेम ठेवा, मोबाइलवर छान दिसतं.

मधुरा_ऐरोली
३० नको, आपलं प्रसारण पॅल पद्धतीचं होतं, सेकंदाला २५ फ्रेम. आणि चित्र ४:३ च ठेवा. रुंद टीव्हीसाठी ताणलंत की 'देख भाई देख'मधली सगळी दिवाण फॅमिली जाड दिसेल. अगदी स्वस्त कॅप्चरमध्ये तासाभराने आवाज ओठांच्या मागे पडतो, म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करा.

नाट्यवेडी
किती गोड! तुमच्या आजी-आजोबांचं हसणंपण त्यात रेकॉर्ड झालं असेल ना?

घोडबंदर_टेक
नाही हो. व्हीसीआर सिग्नल ॲण्टेनाच्या वायरमधून घेतो, त्याला माइक नसतो. घरातलं काही येत नाही.

वैतागलेला_ठाणेकर
घरातलं नाही आलं, पण बाबांचा अंगठा आलाय. एका ठिकाणी पॉज उशिरा दाबलाय, साबणाच्या जाहिरातीचे दोन सेकंद राहिलेत. नंतर सगळे तेवढ्याचीच वाट बघायचे.

कोपरीचे_काका
आमच्या सेट टॉप बॉक्सवर सह्याद्रीला मुंग्या येतात. कोणी सांगेल का काय करायचं?

सुरेल
बॉक्स बंद करून परत चालू करा. वायर घट्ट करा.

मधुरा_ऐरोली
ठाणेकर, माझ्या मामांकडे चालू व्हीसीआर आहे आणि कॅप्चरपण. शनिवारी ऐरोलीला या. दोन काळ्या कॅसेट आणा, पांढरी नको. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, सकाळी लवकर निघा.

वैतागलेला_ठाणेकर
नक्की येतो! मेसेज करतो. फक्त बाबांच्या कपाटातून कॅसेट कशा काढू? ते रोज कपाट पुसतात. विचारलं की सरप्राइज गेलं.

कोपरीचे_काका
सांगा, शनिवारी पेस्ट कंट्रोल आहे, कपाटं रिकामी करायची आहेत.

नाट्यवेडी
आणि पेस्ट कंट्रोलवाला आलाच नाही तर?

कोपरीचे_काका
तो कधी वेळेवर आलाय?