गिओन मात्सुरी : क्योतोमध्ये १७ जुलैची मिरवणूक पाहावी की २४ जुलैची?

सहप्रवासी यांचा प्रश्न :

नमस्कार. येत्या जुलैमध्ये आईबाबांना घेऊन क्योतोला जाण्याचे ठरत आहे. दोघेही सत्तरीला टेकले आहेत; चालण्याची सवय आहे, पण उन्हात तासन्‌तास उभे राहणे त्यांना झेपणार नाही. तिथल्या गिओन मात्सुरी या उत्सवात रथांच्या दोन मिरवणुका निघतात, परंतु आमच्या हाती सहाच दिवस असल्यामुळे दोहोंपैकी एकच पाहता येईल. आईला रथांवरची जुनी वस्त्रे जवळून पाहायची आहेत, तर सुतारकामाची आवड असलेल्या बाबांना रथ बांधतात कसे, याचे कुतूहल आहे. कोणती मिरवणूक निवडावी?

कान्साइकर :

मी नऊ वर्षे ओसाकात राहतो आणि तुमच्यासाठी २४ तारखेची ‘आतो मात्सुरी’च सुचवेन. १७ तारखेच्या ‘साकी मात्सुरी’त २३ रथ असतात आणि २४ला ११, त्यामुळे भव्यता पहिलीत अधिक आहे, हे खरेच. परंतु तिच्या आधीच्या दोन संध्याकाळी शिजो रस्ता वाहनांना बंद करतात, आणि तेव्हा तिथे पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीची आठवण व्हावी इतकी गर्दी उसळते. आतो मात्सुरीच्या आधी, २१ ते २३ या संध्याकाळी, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या लागत नाहीत. शिनमाचीच्या अरुंद रस्त्यावर कंदील लागलेले असतात, बासरीबरोबर ‘कोन-चिकि-चिन’ असा घंटांचा ठेका कानी पडतो आणि रथापासून हातभर अंतरावर निवांत उभे राहता येते. १९६६ पासून दोन्ही मिरवणुका एकाच दिवशी निघत असत. २०१४ साली त्या पुन्हा वेगळ्या झाल्या, म्हणून आज ही शांत संध्याकाळ आपल्या वाट्याला येते.

बाबांसाठी १९ तारखेलाच पोहोचा. रथाचा लाकडी सांगाडा खिळे न ठोकता भाताच्या पेंढ्याच्या दोरांनी आवळून बांधतात. एकाच सांध्यावर दोराचे इतके पदर चढतात, की शेवटी ती गाठ न राहता नक्षीच दिसू लागते. २० तारखेच्या दुपारी मोठे रथ ओढून पाहतात आणि त्या वेळी पाहुण्यांनाही दोर धरू देतात.

विणकर :

आईंच्या आवडीचा विषय निघाला म्हणून सविस्तर लिहिते. कोइ-यामा या रथाकडे सोळाव्या शतकात बेल्जियममध्ये विणलेले भित्तिवस्त्र आहे, आणि दक्षिण कान्नोन-यामाकडे १६८४ साल नोंदलेले भारतीय छापील कापड आहे. हे दोन्ही रथ २४ तारखेचेच आहेत. या उत्सवातील काही गालिचे दख्खनमध्ये विणले गेले असावेत, असे गालिच्यांच्या अभ्यासकांचे मत आहे. आपल्याच मुलुखातला माल डच जहाजांच्या काळात जपानपर्यंत पोहोचला आणि तिथल्या व्यापारी पेठांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, हे समोर पाहताना मी फार हेलावले होते. मिरवणुकीत अनेक ठिकाणी आता प्रतिकृती लावतात, म्हणून आदल्या संध्याकाळी प्रत्येक पेठेच्या सभागृहात मांडलेल्या वस्तू आधी पाहाव्यात. ‘गिओन’ हे नावही श्रावस्तीच्या जेतवन विहाराच्या जपानी नावावरून आलेले आहे.

पूर्वाभिमुख :

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण १७ तारखेला जे हुकेल तेही सांगायला हवे. नागिनाता-बोको हा रथ तेव्हा मानाच्या गणपतीसारखा नेहमीच सर्वांच्या पुढे असतो, तर बाकीच्या बहुतेक रथांचा क्रम २ जुलैला चिठ्ठ्या टाकून ठरतो. नागिनाता-बोकोवर बसलेला लहान मुलगा तलवारीने आडवा बांधलेला दोर कापतो आणि मिरवणुकीला वाट मोकळी होते. हे दृश्य २४ला नसते. चौकातले वळण मात्र दोन्ही दिवशी पाहायला मिळते : चाकांना सुकाणू नसल्याने खाली बांबूच्या पट्ट्या अंथरून त्यांवर पाणी ओततात आणि अनेक टन वजनाचा रथ दोरांनी आडवा खेचतात.

२४ला मिरवणूक सकाळी साडेनऊला कारासुमा-ओइके चौकातून निघते. ओइके रस्त्यावर विकत मिळणाऱ्या खुर्च्या असतात. आईबाबांसाठी त्याच घ्या, छत्र्यांऐवजी टोप्या न्या आणि पाणी सोबत ठेवा. शाकाहारी असाल, तर शाकाहारी वाटणाऱ्या सूपमध्येही अनेकदा माशाचा अर्क असतो, हे लक्षात असू द्या.

सहप्रवासी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १९ ते २४ असे ठरवले आहे. परतीचे विमान ओसाकाहून असल्यामुळे एक दिवस वाढवता आला, तर २५च्या संध्याकाळी तिथल्या तेन्जिन मात्सुरी या उत्सवातली होड्यांची मिरवणूक पाहणे जमेल का?

कान्साइकर :

अवश्य जमेल. क्योतोहून रेल्वेने अर्धा तास लागतो. मात्र ओकावा नदीकाठी आतषबाजीमुळे अलोट गर्दी होते, त्यामुळे आईबाबांना घेऊन काठावर जाऊ नका. दुपारी तेन्मान्गू मंदिरातून निघणारी पायी मिरवणूक पाहून परत फिरा.