प्रतिसाद: जोताला बैल, चिखलाला रेडा

वळूच्या अंगात एवढी ताकद असते, मग त्याला थेट जोताला का धरत नाहीत, असं वर विचारलंय. ताकदीचा प्रश्नच नाही हो, वळणाचा आहे. शेजारून गाय गेली की वळू नांगरासकट तिच्या मागे! म्हणून खोंड दोन-तीन वर्षांचा झाला की खच्ची करतात. पूर्वी बडवून करायचे, फार क्रूर प्रकार. आता पशुवैद्य चिमट्याने नस दाबतात, जखम होत नाही. फार लवकर खच्ची केला तर मान आणि वशिंड भरत नाही, आणि जू तर मानेवरच येतं.

आमच्याकडे, म्हणजे कोकणात, रेड्याला विसरून चालणार नाही. भाताच्या चिखळणीला तो राजा. खूर रुंद, चिखलात रुतून बसत नाही. पण काळी कातडी आणि घाम कमी, त्यामुळे उन्हात लगेच धापा टाकतो. सकाळी लवकर जोत सोडायचं आणि त्याला पाण्यात डुंबायला न्यायचं. कातळावर, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत मात्र कोकण कपिला या आमच्याकडच्या गायीच्या जातीचे लहानखुरे, काटक बैलच बरे.

आता पॉवर टिलर आल्यावर पाडे, म्हणजे नर वासरं, पोसतंय कोण? 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे, रेड्यावर नाही. बैलगाडा शर्यतींना 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळीक दिली खरी, पण शर्यतीचा बैल वेगळाच, खुराकावर पोसलेला. तो चिखळणीला कोण घालणार?