लक्षद्वीप: १० वेळा एकच खासदार, ही जहागिरी नाही तर काय?

दीपस्तंभ
२०२४ला लक्षद्वीपमधून हमदुल्ला सईद २,६४७ मतांनी निवडून आले. वडील पी. एम. सईद १९६७पासून सलग १० वेळा खासदार. २००९ला मुलगा. ६० हजारही मतदार नाहीत आणि पुन्हा पुन्हा तेच घर. याला मी जहागिरीच म्हणणार.

जुनीजाणती
जहागिरी हा शब्द वाचून डोकं तडकलं, म्हणून लिहितेय. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तीन वर्षं कवरत्तीत काढली. तिथे विधानसभा नाही, आमदार नाही, मुख्यमंत्री नाही. प्रशासक दिल्लीहून नेमून येतो. पंचायतीच्या वर दाद मागायची तर खासदार, एवढंच. ऐन पावसाळ्यात माझे वडील गेले. कोचीच्या जहाजाची तिकिटं संपलेली, खिडकीवरच्या माणसाने मान वर करूनही बघितलं नाही. मी पोचले ती तेराव्याला. शेजारीण म्हणाली, आमच्याकडे प्रत्येक मरणाला हेच. अशा ठिकाणी लोक दिल्लीत ज्याचा शब्द चालतो तो माणूस बघतात. आणि १९६७ला सईद पंचविशीत, अपक्ष म्हणून निवडून आले. तेव्हा कुठे होतं घराणं?

ठाणेकर
आमच्याकडे २५ लाखांच्या घरात मतदार आणि खासदार एक. म्हणजे तिथलं एक मत आमच्या चाळीसहून जास्त मतांना भारी. यावर कोणी का बोलत नाही?

आंबोळी
मतांचे हिशेब कसले करताय, जहाजाचं बोला! मुंबई-गोवा बोट होती तेव्हा आजोबा मालवणला पडावातून जाऊन बोटीवर चढायचे. बोट बंद झाली. आमचे पुढारी दर निवडणुकीला जलवाहतुकीची गाजरं दाखवतात.

ठाणेकर
कोकण रेल्वे दिली ना? अजून काय हवं?

आंबोळी
गणपतीत तिकीट काढून दाखवा, मग बोला. गेल्या वर्षी आईला दारापाशी पिशवीवर बसवून नेली, कुडाळपर्यंत. आणि कुडाळला उतरलं म्हणजे मालवण आलं का? ठाण्यात बसून शहाणपण शिकवू नका.

जुनीजाणती
आंबोळी, तुमच्या आईचं वाचून जीव कळवळला. पण तुम्हाला निदान रस्ता आहे. बेटावर समुद्र खवळला की तोही नाही.

आंबोळी
रस्ता? मुंबई-गोवा महामार्गाला रस्ता म्हणताय?

दीपस्तंभ
मूळ मुद्द्यावर या. जुनीजाणती, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण एक माणूस ३७ वर्षं लोकसभेत, १९९८पासून तर उपाध्यक्ष, आणि तिकिटाची रड तीच. मग त्या वजनाचा उपयोग काय?

जुनीजाणती
प्रश्न रास्त आहे. तो तिथल्यांनाही पडला असणार. २००४ला त्यांनीच सईदना ७१ मतांनी पाडलं, जनता दल (युनायटेड)चे पूकुन्ही कोया निवडून आले. काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या पक्षाने, सईदना राज्यसभेवर घेऊन ऊर्जामंत्री केलं, पण बेटांनी नाकारलं ते नाकारलंच. मुलगाही २०१४ आणि २०१९ला राष्ट्रवादीच्या मोहम्मद फैजलकडून हरला. रयत जहागीरदाराला असं पाडते?

दीपस्तंभ
फैजल? २०२३च्या जानेवारीत खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात १० वर्षांची शिक्षा झाली, तीही सईदांच्याच जावयावरच्या हल्ल्यात. खासदारकी गेली, न्यायालयाच्या स्थगितीने परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. हा पर्याय?

जुनीजाणती
फैजलची वकिली मी करत नाही. पण २०२१ला प्रशासकांनी शिक्षण, आरोग्य, मत्स्यव्यवसाय ही खाती जिल्हा पंचायतीकडून काढून घेतली, तेव्हा बेटांच्या बाजूने संसदेत बोलायला निवडून आलेला तोच एक होता. लोकांना निवडायला एकच खुर्ची ठेवायची आणि तिथे कोण बसतं म्हणून त्यांनाच बोल लावायचा, हे मला पटत नाही.

दीपस्तंभ
ठीक. जहागिरी शब्द मागे घेतो. घराणेशाही मागे घेणार नाही.

जुनीजाणती
नका घेऊ. विधानसभा द्या म्हणून लिहा, मी पहिली सही करते.

ठाणेकर
६० हजार मतदारांना विधानसभा?

आंबोळी
आणि मालवणच्या बोटीचं काय?